व्हिडिओ कळतो, क्विझ चुकते: ऑनलाइन फिजिऑलॉजी अभ्यासायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेले आहेत, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतात. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बारावी सायन्स. कोर्सेरा ह्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा, ड्यूक विद्यापीठाचा ‘इंट्रोडक्टरी ह्यूमन फिजिऑलॉजी’ (शरीर कसं चालतं याची तोंडओळख) हा कोर्स त्यांनी सुरू केलाय. ते लिहितात, “मॅडम, व्हिडिओ बघताना सगळं कळतंय, पण क्विझ आली की निम्मे प्रश्न चुकतात. नर्व्हस सिस्टीमला तर गाडी पार रुतली. माझं बेसिक कच्चं आहे का? तेवढं सोडून पुढं जाऊ का? आणि ह्या सर्टिफिकेटला आपल्याकडं किंमत काय?”

मी कोल्हापुरात एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. वर्गातल्या मुलांचीही नेमकी हीच तक्रार असते, फक्त त्यांची व्हिडिओऐवजी लेक्चरबद्दल असते. तेव्हा बेसिक कच्चं आहे म्हणून घाबरू नका. गडबड दुसरीकडे आहे.

चांगला शिक्षक समजावून सांगतो तेव्हा कारण आणि परिणाम यांची सगळी जुळवाजुळव तोच करत असतो. ऐकणाऱ्याला फक्त मान डोलवायची असते. क्विझ मात्र हीच जुळवाजुळव तुमच्याकडून करून घेते. “पेशीबाहेरचं पोटॅशियम दुप्पट झालं तर पेशीच्या पडद्यावरचा व्होल्टेज कुठं सरकेल?” याचं वाक्य व्हिडिओत कुठंच नसतं. असते ती ते काढायची रीत. शाळेत आपण शरीरशास्त्र शिकलो ते नावांचं: हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं दोन, लहान आतड्याची लांबी. विद्यापीठाच्या पातळीला नावं गृहीत धरलेली असतात. तिथं विचारतात ते एवढंच, की एक गोष्ट हलवली तर बाकी काय काय हलेल, कुठल्या दिशेनं आणि किती.

म्हणून पहिली सवय बदला. व्हिडिओत आलेख आला किंवा “आता काय होईल?” असं वळण आलं की पॉज करा आणि वहीत बाण काढा: वाढेल, घटेल की तसंच राहील. मग पुढं चालवा. उत्तर चुकलं तरी हरकत नाही, पण बाण काढल्याशिवाय प्ले दाबायचं नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास लागेल. लागू दे. हे न करता तीन वेळा तोच व्हिडिओ बघणारे पुष्कळ भेटतात, त्यांना तो पाठ होतो आणि क्विझ तेवढीच चुकते.

आता तुमची गाडी रुतलेली जागा. नर्व्हस सिस्टीममध्ये बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडकतात: रेस्टिंग मेम्ब्रेन पोटेन्शियल, म्हणजे पेशी शांत असताना तिच्या पडद्याच्या आत-बाहेर असलेला व्होल्टेज, तो उणे ७० मिलिव्होल्ट. एमबीबीएसची मुलंही अडकतात. पण तुम्ही रोज सोडियम-पोटॅशियमचे रिपोर्ट काढता, म्हणजे ह्या प्रकरणाचं सामान तुमच्या टेबलावर आधीच पडलेलं आहे. त्यांना ते नसतं.

हिमोलाइज्ड, म्हणजे लाल पेशी फुटलेलं, सॅम्पल आठवा. बारीक सुईनं जोरात ओढलेलं रक्त, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बल्ब (रक्ताची नळी) बाहेर काढला की वरचं सिरम पिवळं असायच्या ऐवजी गुलाबी. तुम्ही पोटॅशियम लावायच्या आधीच म्हणता, “रिपीट सॅम्पल मागवा.” का? कारण सिरममध्ये पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं आणि लाल पेशीच्या आत त्याच्या वीसपटीहून जास्त. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उगाच वर जातो. स्नायू आणि चेतापेशींच्या आत तर ते १४० च्या आसपास असतं. सोडियमचं बरोबर उलट: बाहेर १४० च्या घरात, आत १०-१५. म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी द्रावणं आहेत, हे तुम्ही रोज डोळ्यांनी बघता.

दुसरं सॅम्पल. कुणीतरी रात्री न फिरवलेला बल्ब तसाच फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी फिरवला तर सिरम स्वच्छ पिवळं, गुलाबीपणाचा मागमूस नाही, तरी पोटॅशियम वाढलेलं. पेशी फुटल्या नाहीत, मग ते आलं कुठून? पेशीच्या पडद्यात सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये दाखवला, पुढे १९९७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. थंडीत पंप मंदावतो, गळती मात्र चालूच राहते. आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. गळती आणि पंप ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला फ्रिजमधल्या बल्बाहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही.

तिसरं. पेशंटच्या दंडाला पट्टा आवळून आपण म्हणतो, “मूठ उघडझाक करा.” शीर दिसते खरी, पण हातातले स्नायू काम करतात, प्रत्येक आकुंचनाआधी त्यांच्या पडद्यावरून ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक लाट, धावतं, आणि ते संपताना पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं. पट्टा आवळलेला असल्यानं ते वाहून जात नाही. तुमच्या सुईत तेच रक्त येतं आणि पोटॅशियम खोटंच जास्त दिसू शकतं. म्हणजे ॲक्शन पोटेन्शियलचा शेवटचा टप्पा, रीपोलरायझेशन (व्होल्टेज पुन्हा शांत पातळीला येणं), तुमच्या रिपोर्टवर छापून येतो!

(रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या बल्बमधलं रक्त साध्या, प्लेन बल्बमध्ये ओतल्यावर पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम पडतं, त्याचा ह्या कथेशी संबंध नाही. ते बल्बातल्या पोटॅशियम ईडीटीएचं काम, फिजिऑलॉजी बिचारी निर्दोष आहे.)

एवढं बसलं की गणित करा. पडद्यातून फक्त पोटॅशियम किंवा फक्त सोडियम गळत असतं तर व्होल्टेज कुठं थांबला असता, हे सांगणारं नर्न्स्टचं समीकरण ३७ अंश सेल्सियसला असं येतं: बाहेरच्या आणि आतल्या प्रमाणाचा भागाकार करायचा, त्याचा दहाच्या पायाचा लॉग काढायचा, त्याला ६१ ने गुणायचं, उत्तर मिलिव्होल्टमध्ये. पोटॅशियम बाहेर ४, आत १४० धरलं तर उत्तर उणे ९४. सोडियम बाहेर १४५, आत १२ धरलं तर अधिक ६६. पडदा शांत असताना त्यातून मुख्यतः पोटॅशियम गळतं, सोडियम अगदी थोडं. त्यामुळं खरा व्होल्टेज ह्या दोन टोकांच्या मध्ये, पण पोटॅशियमच्या टोकाजवळ, उणे ७० च्या आसपास ठरतो. उणे ७० हा आकडा पाठ करायचा नसतो, तो असा निघतो.

इथं एक गैरसमज हमखास होतो: पंप तीन टाकतो, दोन घेतो, म्हणून आत उणे. पंपाचा असा थेट वाटा अगदी थोड्या मिलिव्होल्टचा असतो. त्याचं खरं काम आत-बाहेरचा फरक टिकवून धरण्याचं. व्होल्टेज तयार होतो तो पोटॅशियमच्या गळतीमुळं. क्विझमध्ये ह्यावर एक तरी प्रश्न असतोच, आणि चुकीचा पर्याय फार सुबक लिहिलेला असतो.

आता तोच प्रश्न स्वतः सोडवा. सिरम पोटॅशियम ४ वरून ८ झालं, आणि ह्या वेळी सॅम्पल चांगलं आहे, आकडा खरा आहे. ८ भागिले १४०, लॉग, गुणिले ६१: उणे ७६. पोटॅशियमचं टोक शून्याकडे सरकलं, म्हणजे पडदाही शून्याकडे सरकणार, पेशी अर्धवट डीपोलराइज (उणे व्होल्टेज कमी झालेली) होऊन बसणार. अशा पडद्यात सोडियमचे बरेच चॅनेल (आत यायच्या वाटा) निष्क्रिय होतात आणि हृदयातलं ठोक्याचा संदेश वाहून नेण्याचं काम बिघडतं. म्हणूनच ८ दिसल्यावर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता तुम्ही डॉक्टरांना फोन लावता. आणि बाहेरचं सोडियम थोडं वाढवलं तर? शांत पडदा फारसा हलत नाही, कारण तेव्हा सोडियमला वाटच थोडी असते. बदल होतो तो ॲक्शन पोटेन्शियलच्या शिखरात. हे दोन प्रश्न कागदावर सुटले की नर्व्हस सिस्टीमचं पहिलं प्रकरण हातात आलं.

हॉजकिन आणि हक्सली ह्या शास्त्रज्ञांनी हे सगळं स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूवर मोजलं. तो तंतू अर्धा मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून आत तार सरकवता आली. १९५२ मध्ये त्यांचे निबंध आले, १९६३ मध्ये नोबेल. कोर्समध्ये त्यांचे आलेख येतात तेव्हा आधी उभ्या आणि आडव्या अक्षावर काय आहे ते बोटानं वाचा. निम्मी मुलं अक्ष न वाचता रेघेकडं बघतात.

तर “सोडून पुढं जाऊ का?” याचं उत्तर नाही. ह्याच पडद्यावर पुढं स्नायू, हृदय आणि मूत्रपिंड उभे आहेत. कान आणि डोळ्यांचे बारकावे मात्र पहिल्या फेरीत वरवर वाचून गेलात तरी काही अडत नाही. कोर्सचे गुण जातील तेवढे जाऊ द्यात.

रक्ताभिसरणाकडे आलात की एक सूत्र हाताशी ठेवा: प्रवाह म्हणजे दाबातला फरक भागिले अडथळा. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त टाकतं (ठोके ७०, प्रत्येक ठोक्याला ७० मिलिलिटर, गुणाकार करून बघा), महाधमनीतला सरासरी दाब शंभरेक मिलिमीटर पारा. उसाच्या पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणली तर हे पटकन बसतं: नदीवर मोटार, लांब पाइप, वाटेत चावी. चावी थोडी आवळली की तिच्या अलीकडं पाइपात दाब वाढतो, पलीकडं घटतो आणि सरीत पाणी कमी पडतं. शरीरातली चावी म्हणजे आर्टेरिओल, बारीक धमन्या. त्या आवळल्या की धमनीतला दाब वाढतो आणि पुढच्या केशिकांमधला (केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला) कमी होतो. मुलं “दाब वाढला” एवढंच लिहितात आणि कुठं वाढला ते विसरतात. शिवाय अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो, हा प्वाझयचा नियम. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट. म्हणून शरीर बहुतेक कारभार ह्याच बारीक नळ्यांवर चालवतं.

हेच सूत्र मूत्रपिंडात पुन्हा येतं. तिथं केशिकांच्या गुच्छाच्या दोन्ही बाजूंना चावी आहे. अलीकडची आवळली तर गाळणी कमी होते. पलीकडची आवळली तर गुच्छातला दाब वाढून गाळणी टिकते, किंवा थोडी वाढतेही. रक्तदाबाच्या ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या पलीकडची चावी सैल करतात, म्हणून त्या सुरू केल्यावर काही पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) थोडं वर गेलेलं तुम्हाला दिसलं असेल. ते किती चालतं हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. तुम्हाला कारण कळलं म्हणजे झालं.

प्रवाहाचं सूत्र आलं की बाणांची साखळी जमते. एक साखळी करून दाखवते. हायवेवर अपघात झाला, माणसाचं लिटरभर रक्त गेलं. हृदयाकडं परतणारं रक्त घटलं, एका ठोक्याला बाहेर पडणारं घटलं, दाब घटला. आता गळ्यातल्या कॅरोटिड सायनस ह्या धमनीच्या फुगीर भागातल्या बॅरोरिसेप्टरचे, म्हणजे दाब जोखणाऱ्या चेतांचे, संदेश वाढतील की घटतील? घटतील. इथं दहातले सात जण “वाढतील” लिहितात, कारण संकट आलं म्हणजे संदेश वाढणारच असं मन सांगतं. पण ते ताण मोजतात, ताण कमी झाला की कमी बोलतात, आणि त्यांच्या गप्प बसण्यानंच सिंपथेटिक यंत्रणेवरचा (संकटात शरीराला जागं करणाऱ्या चेतांवरचा) लगाम सुटतो. मग ठोके वाढतात, आर्टेरिओल आवळतात, कातडी गार पडते, लघवी कमी होते. साखळीतला असा एखादा उलटा बाण शोधून त्याभोवती लाल गोल करून ठेवा. परीक्षक तिथंच बसलेला असतो.

आणि लॅबचा प्रश्न: त्या माणसाचं रक्त लगेच आलं, तर हिमोग्लोबिन किती असेल? जवळजवळ पूर्वीइतकंच. पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही सारख्या प्रमाणात गेले, प्रमाण बदललंच नाही. पुढं काही तासांत ऊतींमधलं पाणी केशिकांत ओढलं जातं (केशिकांमधला दाब कमी झालाय, वरचा परिच्छेद आठवा) किंवा सलाइन चढतं, तेव्हा हिमोग्लोबिन उतरतं. “हिमोग्लोबिन १३ आहे म्हणजे रक्त फार गेलेलं नाही” असं कुणी म्हणालं तर तुम्ही काय सांगाल, ते दोन वाक्यांत लिहा. हा माझा आवडता तोंडी परीक्षेचा प्रश्न आहे.

श्वसनाला लोक सोपं समजतात. तिथला घोटाळा असा, की श्वास घ्यायची ओढ ऑक्सिजन कमी झाल्यानं होते असं सगळ्यांना वाटतं. रोजच्या परिस्थितीत ती ओढ कार्बन डायऑक्साइड ठरवतो. धमनीतला त्याचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तो थोडा वाढला तरी मेंदू श्वास वाढवतो. जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन ‘भरून’ घेता येत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेलं असतं. जोरात श्वासानं होतं ते एवढंच, की कार्बन डायऑक्साइड खाली जातो. उन्हाळ्यात विहिरीत, पंचगंगेत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावणारी पोरं आधी असेच भराभर श्वास घेतात. मग ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. चांगला पोहणाराही असाच जातो. हा प्रयोग पाण्यात कधीही करू नका, दुसऱ्यालाही करू देऊ नका. तुमच्या तालमीतल्या पोरांना एवढं एक सांगितलंत तरी कोर्सची फी वसूल झाली.

करायचाच असेल तर नाडीचा प्रयोग करा. पाच मिनिटं आडवं पडा, नाडी मोजा, उभे राहा, लगेच पुन्हा मोजा. वाढलेली असेल. का वाढली, याची साखळी रक्तस्रावाच्या साखळीसारखीच आहे, फक्त इथं रक्त बाहेर न जाता पायांत उतरलंय. मग रोज पळणाऱ्या, जोर-बैठका काढणाऱ्या एखाद्या पैलवान मित्राची बसल्या जागची नाडी बघा. ती ५० मिळाली आणि त्याचं हृदयही मिनिटाला ५ लिटरच टाकत असेल, तर एका ठोक्याला किती? शंभर मिलिलिटर. असलं गणित तोंडी यायला लागलं की आकडे परके वाटत नाहीत.

मूत्रपिंडाकडे तुम्ही हसत जाल. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करून आणायला सांगता ना? त्यातून क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला किती रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ होतो ते, काढायचं सूत्र तुम्ही वापरत असाल, किंवा मशीन वापरत असेल. लघवीतलं क्रिएटिनिन गुणिले मिनिटाची लघवी, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन. लघवीत १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दिवसाची लघवी १४४० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १, रक्तात १ मिलिग्रॅम. उत्तर मिनिटाला १०० मिलिलिटर. निरोगी तरुण माणसात गाळणी मिनिटाला १२५ मिलिलिटर धरतात, दिवसाला १८० लिटर. अंगात प्लाझ्मा जेमतेम ३ लिटर, म्हणजे तो दिवसात साठ वेळा गाळला जातो, आणि लघवी होते दीडेक लिटर. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. आतापर्यंत रिपोर्टवरचा आकडा तुम्ही फक्त नॉर्मल रेंजशी ताडून पाहत होतात. आता दुसरं बघा: स्थिर अवस्थेत शरीर रोज तेवढंच क्रिएटिनिन तयार करतं, तेव्हा रक्तातलं १ चं २ झालं तर गाळणी निम्मी झाली, १०० ची ५०. ४ चं ५ झालं तर २५ ची २०. पहिल्या एका मिलिग्रॅमच्या वाढीत पन्नास गेले, दुसऱ्या एका मिलिग्रॅमच्या वाढीत पाच. म्हणून ०.८ वरून १.४ झालेल्या रिपोर्टकडं “थोडंसंच वाढलंय” म्हणून बघू नये. हा वक्र एकदा स्वतः ग्राफपेपरवर काढा.

पचन आणि हार्मोन्स ह्या प्रकरणांत मात्र नावांची जत्रा असते, तिथं मी फार वेळ घालवणार नाही. एकच तक्ता करा: कुठून निघतं, कशामुळं निघतं, कुठं जातं, काय करतं, त्याला थांबवतं कोण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि वहीत सगळ्यात रिकामा असतो. आठवणीसाठी एक: तांबडा-पांढरा रस्सा मनसोक्त झाल्यावर रात्री बराच वेळ पोट जड राहतं, कारण चरबी लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे हार्मोन सुटतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सीक्रेटिन हे हार्मोन शोधलं ते असंच, आतड्याच्या नसा तोडलेल्या भागात आम्ल घातलं तरी स्वादुपिंड स्रवतं हे बघून. नस तुटली तरी निरोप पोचतो, म्हणजे तो रक्तातून जातोय.

भाषेचं सांगते. संज्ञा इंग्रजीतूनच लक्षात ठेवा, कारण क्विझ इंग्रजीत आहे, पुढची पुस्तकंही. पण तर्क मराठीत, मोठ्यानं बोलून करा. “पोटॅशियम बाहेर वाढलं, म्हणून गळती कमी झाली, म्हणून...” ह्यातला प्रत्येक ‘म्हणून’ खरा आहे का हे आपल्या भाषेत लगेच कळतं. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यात तो झाकला जातो. व्हिडिओखाली लिखित मजकूर मिळतो, तो आधी वाचून घ्या, उच्चार कळत नाही ही अडचण तिथंच संपते. सोबतीला ओपनस्टॅक्सचं शरीररचना आणि शरीरक्रियेचं पुस्तक नेटवर फुकट आहे. पहिल्या वर्षाला ते पुरतं. वैद्यकीयची जाडजूड पुस्तकं आत्ताच विकत घेऊ नका, सेकंडहँडसुद्धा नकोत. पहिल्या शंभर पानांतच उत्साह जिरतो.

वेळ? लॅबची सकाळ सॅम्पल गोळा करण्यात जाते हे मला माहीत आहे. रोज रात्री थकून दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास आणि रविवारी सलग दोन तास बरे. घरी जमत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारखी शांत जागा शोधा. रविवारी नवीन काही बघायचं नाही. कोऱ्या कागदावर आठवड्याची एक साखळी आठवून काढायची, मग वहीशी ताडायची. क्विझ पुन्हा द्यायची सोय असते, पण लगेच देऊ नका. लगेच दिली तर पर्याय आठवतात, कारण आठवत नाही. दोन दिवस जाऊ द्या. चुकलेल्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहून ठेवू नका, आपण कुठला ‘म्हणून’ चुकवला तो लिहा.

एआयला विचारणारे बरेच झालेत. विचारा, पण उत्तर मागू नका. “मला रक्तस्रावावर पाच प्रश्न विचार आणि माझी चूक दाखव” असं सांगा. आकडा आणि त्याचं एकक मात्र पुस्तकाशी ताडूनच घ्या.

आता सर्टिफिकेट. कोर्सेरावरचं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. ती पदवी नव्हे आणि त्यावर नोकरीचा ग्रेड बदलत नाही. मुलाखतीत मात्र क्लिअरन्स आणि खोटं पोटॅशियम ह्यांवर नीट बोललात तर ते लक्षात राहतं. पुढं बीएस्सी करत असाल, किंवा करणार असाल, तर ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं २०१७ पासूनचं व्यासपीठ बघा. त्यावरचे कोर्स फुकट शिकता येतात, परीक्षेला मात्र फी असते आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्यावरच्या एनपीटेलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) कोर्सना असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठाला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून मान्य करता येतात. ‘मान्य करता येतात’ हे शब्द नीट वाचा. तुमच्या अभ्यासक्रमाला कुठला कोर्स चालतो हे नाव नोंदवायच्या आधी कॉलेजात स्वयमचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांकडून लेखी घ्या, नंतर धावपळ नको.

एक इशारा. “घरबसल्या ऑनलाइन पॅरामेडिकल डिग्री” अशा जाहिराती मोबाइलवर येतात, एसटी स्टँडजवळच्या भिंतींवरही दिसतात. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, पॅरामेडिकल अशा विषयांची पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं देता येत नाही, युजीसीच्या नियमांत ती वगळलेली आहे. फिजिऑलॉजीचा एक विषय ऑनलाइन शिकणं वेगळं आणि पेशंटला हात लावायचा परवाना देणारी पदवी वेगळी. पैसे भरायच्या आधी ह्या दोहोंतला फरक घरच्यांनाही समजावून सांगा, कारण फी बहुतेक वेळा तेच भरतात.

राहिली तुमच्या कोर्सची मुदत. ती उलटली असेल तर घाबरून पुढचे व्हिडिओ पळवू नका. कोर्सेरावर तारखा पुन्हा लावून घेता येतात, झालेलं काम जात नाही. तारखा पुढं ढकला, ह्या रविवारी नर्न्स्टची दोन गणितं आणि फ्रिजमधल्या बल्बाची साखळी कागदावर करा, आणि नर्व्हस सिस्टीमची क्विझ बुधवारी द्या. त्यातले चुकलेले प्रश्न आणि तुमचे बाण दोन्ही पाठवलेत तर कुठं अडलंय ते बघून पुढचं सांगेन. नुसते गुण पाठवू नका, त्यावरून मला काही कळत नाही.